हिरव्या मॅटवरचं बॅरियर

सकाळी ढब्बूने सगळा जोर लावला, तरी ते बॅरियर जागचं हललं नव्हतं. संध्याकाळी मी रागात एक लाथ घातली, तर सर्रकन सरकलं. बॅरियर तेच, जागा तीच. मग झालं काय?

ढब्बू म्हणजे माझ्या सुलभाआत्याचा रोबो. बुटका, रुंद आणि बोलायला एकदम पुस्तकी. गर्दी सुरक्षित कशी ठेवायची, हाच आत्याचा अभ्यास. शाळा सोडल्यापासून मी तिच्याबरोबरच असते. त्या दिवशी सोलापुरात गाण्याचा मोठा कार्यक्रम होता. मागे एका शहरात कुणीतरी मुद्दाम गर्दीत गाडी घातली होती. तेव्हापासून कार्यक्रमाच्या दिवशी रस्त्यावर बॅरियरं मांडतात, संपला की उचलून नेतात.

लाथ घातली ती गुंडाप्पांमुळे. गुंडाप्पा मंडपवाले. दुपारी आमची बॅरियरं त्यांनी हलवली होती.

"परत तिथंच ठेवलीत की!" ते म्हणाले. "नववीतनं पळालेली पोरगी मला मांडणी शिकवणार व्हय?"

डोकं फिरलं. घातली लाथ. बॅरियर सरकलं तशी मी खाली बघितलं. खाली हिरवी मॅट! मंडपवाल्यांची सवयच ती. आधी अंथरायचं, मग त्यावर सगळं मांडायचं.

"आत्या, धाव!" मी ओरडले. बॅरियरच्या मागे गेटवर माणसांची रांग होती आणि त्यात माझा धाकटा भाऊ मल्लू उभा होता.

आत्याने बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. "गुंडाप्पा, मॅट काढा. आत्ता."

"मॅडम, पाहुणे यायलेत. एवढं लोखंड आहे, मॅटनं काय होतंय?"

"लोखंड हलकंच आहे हो. दोन माणसं उचलतात." आत्या भराभरा बोलत होती. "हे बघा, याचा आकार पाय नसलेल्या खुर्चीसारखा आहे, बैठक गाडीच्या बाजूला. गाडी पाठीवर आदळली की खुर्ची मागे कलंडते. बैठक वर उठते, गाडीच्या पोटाखाली अडकते आणि पुढची चाकं उचलली जातात. मग गाडीचं वजन कुणावर?"

"बॅरियरवर," मी म्हणाले.

"आणि त्या वजनाने हे मागचे दात रस्त्यात रुततात. गाडी जेवढी जड, तेवढे दात खोल. म्हणजे गाडीला गाडीच थांबवते! पण त्यासाठी लागतं घर्षण (दोन वस्तू एकमेकींवर घासताना सरकण्याला होणारा विरोध). डांबर खरखरीत आहे, दात धरून ठेवतं. मॅट गुळगुळीत, शिवाय गाडीच्या धक्क्याने ती स्वतःच उखडते."

तुम्ही शहाबादी फरशीवर मोजे घालून पळून बघा. थांबायला जाल आणि भिंतीवर आपटाल. तसंच.

तेवढ्यात ढब्बूच्या छातीवरचा दिवा लाल झाला. "कृपया लक्ष द्या. नाक्यावरील पोलिसांना चुकवून एक पिकअप या दिशेने वेगाने येत आहे."

आत्या गेटकडे धावली. "मागे व्हा! सगळे आत, मागे!"

रांग हलेना. मल्लू तर नंबर जाईल म्हणून गेटच्या खांबालाच चिकटला.

"ढब्बू, उचल!" मी किंचाळले. ढब्बूने साखळीने जोडलेली बॅरियरं एका बाजूने उचलून धरली. मी मॅट ओढली. खिळे ठोकलेले, निघेना.

"सरक की गं!" गुंडाप्पा. हातात दोर कापायची सुरी. नवीकोरी मॅट त्यांनी टराटरा फाडली. मी तुकडे ओढत होते, ढब्बू बॅरियर खाली ठेवत होता. लांबून इंजिनचा आवाज आला. एक बॅरियर अजून मॅटवरच होतं.

"राहू दे!" आत्या ओरडली. "शेजारची धरतील त्याला. पळा!"

मी मल्लूची कॉलर धरली आणि ओढत आत नेला.

धाड!

डांबरावर लोखंड करकरलं, ठिणग्या उडाल्या. बॅरियरं कलंडली, पिकअपचं तोंड वर उठलं. पुढची चाकं हवेत नुसती फिरत राहिली. मॅटवरचं बॅरियर पुढे घसरलं, पण साखळीने शेजाऱ्यांना धरून राहिलं. बॅरियरांची सगळी ओळ फरपटत आली आणि थांबली. गेटच्या आधी.

कुणालाच लागलं नव्हतं. पोलिसांनी ड्रायव्हरला खाली ओढलं.

गुंडाप्पा तिथेच मटकन बसले. "चैताली," ते म्हणाले. पहिल्यांदाच नावाने. "पुढच्या टायमाला मॅट कुठं घालायची, ते तूच सांग बाई."

आत्या वाकून डांबरावरचे ओरखडे बघत होती. "पुढचा कार्यक्रम मातीच्या मैदानावर आहे. तिथे हे दात चालायचे नाहीत. कसले लागतील?"

"लांब," मी म्हणाले. "आणि रुंद. मातीत नुसतं टोक काय धरणार?"

"काढ चित्र," आत्या म्हणाली.

कार्यक्रम रद्द झाला. मल्लूने भोकाड पसरलं. "तुझ्यामुळंच! माझा नंबर पहिला होता! एक पण गाणं नाही ऐकलं!"

एरवी एक ठेवून दिली असती. त्या दिवशी त्याचा हात घट्ट धरला. "रड," म्हटलं, "घरापर्यंत रड. मी ऐकते."