तिसऱ्या रांगेतला उकाडा

आशालताबाई तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीवरून घसरल्या तेव्हा चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. शेजारी बसलेल्या यमुनाबाईंनी त्यांना धरलं, तोवर मागच्या रांगेतले एक आजोबाही आडवे झाले. वसईच्या त्या नव्या सभागृहात सहाशे माणसं घामानं निथळत होती आणि भिंतीवरचा तापमापक एकोणचाळीस दाखवत होता.

"दारं उघडा! सगळी!" यमुनाबाई ओरडल्या. तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला आवाज तो. माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

रखवालदार रामनाथ धावत आला. एरवी तिथं साध्या पाण्याची टाकी असायची. आज त्यानं लिंबू, मीठ, साखरेच्या पाण्याचं भलंमोठं पिंप ढकलत आणलं आणि भराभर पेले भरले. बरेच जण सावरले. आशालताबाईंना मात्र रुग्णालयात सलाईन लावावं लागलं.

दोन हजार दोन सालच्या मे महिन्यातला रविवार होता तो. सोमवारी अकराला समितीची सभा होती आणि विषय एकच: खिडक्या बुजवून वातानुकूलन यंत्रं बसवायची का? हे सभागृह यंत्रांवाचून गार राहील असं बांधणारा दिनानाथ म्हणजे यमुनाबाईंचा धाकटा भाऊ. सभेत खिडक्या बुजवायचं ठरलं असतं, तर त्याच्या आयुष्यभराच्या कामावर माती पडली असती.

सोमवारी सकाळी आठला यमुनाबाईंनी त्याला जवळजवळ ओढतच सभागृहाशी आणलं.

"ताई, राहू दे ना. संपलं सगळं."

"काय संपलं? माझी मैत्रीण तिथं सलाईनवर आहे आणि तू सुतकी चेहरा करून बसतोस! वर्षभर चाललेली हवा एका दिवसात रुसते होय?"

फाटकाची कडी मोडल्याला आठवडा झाला होता. तिच्या जागी भाताच्या पेंढ्याचा घट्ट पीळ बांधलेला होता. तो सोडवता सोडवता यमुनाबाईंचं नख मोडलं. "तार मिळाली नाही का कोणाला?" त्या पुटपुटल्या.

आत आल्यावर त्यांनी विचारलं, "आता मला नीट सांग. हवा येते कुठून, जाते कुठं?"

"पश्चिमेच्या खालच्या खिडक्यांतून खाडीवरचा वारा येतो. तापलेली हवा वर चढते आणि छपराच्या माथ्यावरच्या लांब फटीतून बाहेर पडते. खालून दिसते ती लाकडी जाळी. तिच्यावर झडपा आहेत. दोर ओढला की उघडतात."

"काल उघड्या होत्या?"

"दोर बघ की. झडपा उघड्या ठेवायच्या खुंटीलाच आहे."

यमुनाबाईंनी पर्समधून उदबत्त्या काढल्या आणि एकदम तीन पेटवल्या. धूर सरळ वर गेला, जाळीपाशी पोचला आणि तिथंच पसरून घुटमळला.

"बाहेर जात नाहीये," त्या म्हणाल्या. "आतली हवा निघाली नाही तर बाहेरची शिरणार कशी? सातवीतल्या पोराला कळतं हे."

बरोबर त्या जाळीखाली, खुर्च्यांच्या मधल्या वाटेत, पेंढ्याची लांब काडी पडली होती. पीळ पडलेली.

"आंब्याच्या पेट्यांतली असेल," दिनानाथ म्हणाला. "काल पाहुण्यांना आंबे दिले ना."

यमुनाबाईंनी ती उचलून पर्समध्ये टाकली आणि रामनाथला हाक मारली.

"वर त्या फटीपाशी, माळ्यावर जायच्या शिडीची किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडंच, ताई. एकच हाय."

"कोणाला दिली होतीस?"

"शनवारी सकाळी त्या जितेशला. यंत्रांसाठी मापं घ्यायला वर गेलता. बाराला परत दिली."

"म्हणजे तोच!" दिनानाथ उसळला. "यंत्रं विकणारा! ताई, पोलिसांना फोन कर."

"थांब रे. रामनाथ, बारानंतर कोणाला दिलीस?"

"कोनालाच नाय. मी पन वर गेलो नाय."

जितेशला निरोप गेला. इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांची पिशवी, असा तो नऊला हजर झाला.

"वर काय केलंस?"

"टेप लावला, मॅडम. अर्धा तास. खरं सांगू? उंचीवर माझे पाय लटपटतात. रामनाथकाका शिडी धरून होते."

"काल हॉल तापला. फायदा तुझाच."

"फायदा आहेच की! पण मग मी स्वतःच्या आईला इथं आणून बसवलं असतं का? ती अजून डोकं धरून बसलीये."

यमुनाबाई कार्यालयात गेल्या आणि नृत्यशिक्षिका आर्याला फोन लावला. शनिवारी दुपारी चारला तिच्या मुलींची तालीम याच हॉलमध्ये झाली होती.

"उकडत होतं का गं?"

"छे हो बाई! वाऱ्यानं माझे गाण्यांचे कागद उडत होते. शेवटी चपला ठेवल्या त्यांच्यावर."

यमुनाबाईंनी फोन ठेवला. जे कळलं होतं ते त्यांना मुळीच आवडलं नव्हतं. मग फाटकाशी जाऊन तो पीळ घेऊन आल्या आणि तिघांना तिसऱ्या रांगेपाशी बोलावलं.

"जितेश, तू सुटलास. शनिवारी सकाळी तू फट बुजवली असतीस तर चार वाजता आर्याचे कागद उडाले नसते. फट बुजली ती तालमीनंतर. आणि बारानंतर किल्ली एकाच माणसाकडे होती."

त्यांनी पीळ आणि काडी शेजारी शेजारी ठेवली.

"पेटीतला पेंढा चुरगळलेला असतो. या काडीला पीळ आहे, अगदी रखवालदारानं फाटकाला बांधलेल्यासारखा. आणि ते सरबताचं पिंप. गेल्या महिन्यात इथं सातशे माणसं होती, तेव्हा साधं पाणीच होतं. काल माणसं पडायच्या आधीच त्यांचं औषध तयार होतं. उकाडा होणार हे ज्याला ठाऊक होतं, त्यानंच तो केला. रामनाथ, का रे असं केलंस?"

रामनाथनं मान खाली घातली. खिशातली किल्ली काढून खुर्चीवर ठेवली.

"तू?" दिनानाथचा आवाज चिरकला. "अरे, तीस वर्षांची मैत्री! इथं कामाला मी लावलं तुला! भाऊ मानलं, आणि तू माझाच गळा कापलास?"

"भाऊ?" रामनाथनं वर बघितलं. "मग ताईंना सांग ना, ही फट कोनाची ते."

दिनानाथ खिडकीकडे वळला.

"हा कॉलेजात होता तवा दोन महिने आमच्या घरी राह्यला, ताई. माझा बा याला छपरावर चढवायचा. पावसाआधी पेंढ्याचे पीळ कोंबून फट कशी बुजवायची, पाऊस सरल्यावर कशी मोकळी करायची, समदं शिकवलं. हा म्हनाला, बाबा, मोठं काय बांधलं तर तुमचं नाव लावीन. पुढं बा गेला. घर पाडलं, तिथं बिल्डिंग झाली. उद्घाटनाला आय पुढच्या रांगेत बसली होती. वर बघून म्हनाली, रामा, ही तर आपल्या घरातली फट. तेवढ्यात हा माईकवर बोलला, ही कल्पना मला परदेशात सुचली."

"त्याला वर्ष झालं," यमुनाबाई म्हणाल्या. "आताच का?"

"आय गेल्या महिन्यात गेली. शेवटपर्यंत विचारत होती, बाचं नाव लागलं का? मी खोटंच सांगितलं, लागलं म्हनून."

"आणि आशालतेनं काय बिघडवलं होतं तुझं?"

"लोकांना नुसता घाम फुटंल असं वाटलं, ताई. म्हनून तर पिंप केलं."

"ते पुरलं नाही, रामनाथ."

मग त्या भावाकडे वळल्या. "दिनू, खरं आहे हे?"

"ताई, शेतकऱ्याच्या घराचं छप्पर म्हटलं असतं तर समितीनं मला दारात तरी उभं केलं असतं का? परदेश म्हटल्यावर..."

"खरं आहे का, एवढंच विचारतेय."

"हो."

परदेशात सुचलेल्या त्या फटीची गोष्ट यमुनाबाई वर्षभर येईल त्याला कौतुकानं सांगत आल्या होत्या. आशालताबाईंना तर तीनदा सांगितली होती. त्यांना भयंकर लाज वाटली, आणि भावाचा तितकाच रागही आला. "माझ्याशीसुद्धा खोटं बोललास," त्या म्हणाल्या. "मी तुझ्यासाठी चोर शोधत फिरतेय, आणि पहिला चोर माझ्याच घरातला!"

रामनाथ किल्ली घेऊन वर गेला. थोड्या वेळानं पेंढ्याचा कचरा जाळीतून खुर्च्यांवर पडायला लागला. यमुनाबाईंनी नवी उदबत्ती पेटवली; तिचा धूर जाळीपाशी न थांबता सरळ वर निघून गेला. खिडकीतून वारा आला.

घड्याळात साडेदहा झाले होते. दिनानाथनं हळूच विचारलं, "ताई, समितीला काय सांगणार आहेस?"

"आधी तू उठायचंस आणि रामनाथच्या बापाचं नाव घ्यायचंस. मग मी उठेन आणि रामनाथचं घेईन. त्याच क्रमानं."

"आणि मला नाही जमलं तर?"

यमुनाबाईंनी पर्स खांद्याला अडकवली. "तर दोन्ही नावं मीच घेईन, दिनू. आणि तिसरं तुझं."