तारेच्या वेढ्यातली फट

तो क्लबच्या पियानोखाली आडवा पडला होता. मी झाडू घेऊन आत गेले, तर बाहेर नुसते दोन पाय.

“चिमटा द्या जरा,” पायांकडून आवाज आला.

मी दिला.

“हा नाही. वाकड्या तोंडाचा.”

“तुमचंच तोंड दिसून नाही राहिलं मले. चिमट्याचं कसं ओळखू?”

तो बाहेर सरकला. केसांत जाळं, नाकावर धूळ... आणि डोळे हसरे. मी झाडू पाठीमागे लपवला. का, ते मलाच कळलं नाही.

१९७४ ची दिवाळी नुकतीच सरली होती. चिखल्याच्या खाणीच्या क्लबातला तो जुना पियानो, तारा सगळ्या गंजलेल्या. केवळराम त्या बदलायला नागपूरहून आला होता. घर मोहाडीचं, आमच्यासारखंच विणकराचं. माझे बाबा, गोमाजी, क्लबचे चौकीदार. त्यांनीच मला त्याच्या मदतीला लावलं.

तो चावीनं खुंटी फिरवायचा, तार गुंडाळत जायची. मी लोखंडी आकड्यानं तिचे वेढे उचलून एकमेकांना चिकटवायची. मधे फट राहिली की सूर उतरतो. म्हणून प्रत्येक वेढा तो वाकून तपासायचा... अगदी जवळून.

“हात थरथरून राहिला तुमचा,” तो म्हणाला.

“तुमची चावी हालून राहिली.”

“चावी त माझ्या हातात आहे.”

“मंग?”

त्याचे कान लाल झाले.

शनिवारी एकच तार उरली. रविवारी करडी गावचे पाहुणे मला बघायला येणार होते, आणि बाबांचा होकार जवळजवळ ठरलेला. केवळराम संध्याकाळच्या गाडीनं तुमसरला निघणार होता. शेवटच्या वेढ्यात मी मुद्दाम फट ठेवली.

त्यानं वाकून पाहिलं. चावी काढून हत्यारांच्या पेटीत ठेवली. “झालं.”

मला राहवेना. “नीट पाह्यलं का?”

“पाह्यलं. नखाएवढी फट आहे.”

“मंग बोलले काहून नाही?”

“बोललो असतो त तुमी बुजवली असती. मंग मले परत याले कारण काय राह्यलं असतं?”

“कधी येसान परत?”

“सूर उतरला का... आठ-दहा दिवसांत.”

“तवापर्यंत करडीवाल्यांचं पक्कं होऊन जाईन. उद्या पाहाले येऊन राहिले मले.”

पेटीचं झाकण त्याच्या हातात तसंच राहिलं. “तुमची मर्जी आहे?”

“असती त फट कायले ठेवली असती मी?”

व्हरांड्यात कोणी खाकरलं. बाबा — किती वेळचे उभे होते कोण जाणे. केवळरामनं घाम पुसला आणि सरळ त्यांच्यापुढे गेला.

“काकाजी, चंद्रकलेसंग लगन करीन म्हणतो. तुमी हो म्हना.”

बाबांनी त्याला न्याहाळलं. मग मला. मी मान खाली घातली नाही.

“मोहाडीत कोनाच्या घरचे तुमी?”

“धनीरामजीचा मोठा पोरगा.”

बाबांनी धोतर खोचलं. “करडीवाले सकाळीच निघतीन. त्याइले नाही सांगाले मले आताच जा लागते.”

त्यांची सायकल फाटकाबाहेर गेली. त्यांचा कंदील मात्र व्हरांड्यातच राहिला. मी तो उचलून धावत सुटले, आणि माझ्यामागून केवळराम.