तास पुन्हा पाहायचा

माझ्या धाकट्या बहिणीचं, रुक्माचं, लग्न झालं ते साल १९९४. थोरली मी, तानु, घरीच राहिले होते. वडील नव्हते आणि आई अर्धांगाने खाटेवर. मी एकतीस वर्षांची. मांडव निघाला आणि पुढच्याच आठवड्यात मला देवपुरातल्या एका कॉलेजात काम मिळालं. कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात बसायचं, आतली धूळ पुसायची आणि येणाऱ्याचं नाव आणि वेळ नोंदवहीत लिहायची. लिहिता येतं का, असं विचारलं तेव्हा मी हो म्हणाले. साक्षरतेच्या वर्गाला जायला लागून मला जेमतेम सहा महिने झाले होते.

थंडीचे दिवस होते. रस्त्याने कापसाच्या गाड्या जात आणि रुईचे पुंजके उडत थेट दारापर्यंत येत. पहिल्याच सोमवारी एक उंच माणूस बूट घालून सरळ आत निघाला.

“बूट बाहेर काढा, भाऊ. आत धूळ चालत नाही.”

ते मागे फिरले, खाली बसून त्यांनी बूट काढले. मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. मी पाहिलं आणि पटकन नजर वहीत घातली… पण मी पाहिल्याचं त्यांनी पाहिलं होतं.

“अंगठ्याला हवा लागावी म्हणून ठेवलंय,” ते म्हणाले. “आणि एक करा — भाऊ सोडून काहीही म्हणा.”

मी नाव विचारलं. लीलाधर, म्हणाले. मी पेन टेकवलं. ल लिहिला. वेलांटी पहिली की दुसरी? मग काना. मग तो ध, ज्याला कुठून सुरुवात करायची हे मला कधीच आठवत नसे. ते मोज्यांवर उभे राहून वाट पाहत होते.

“फार खटपट आहे तुमच्या नावात,” मी म्हटलं.

“मग मगन लिहा. काना नाही, मात्रा नाही.”

मी खरंच मगन लिहिलं. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. ते रोज वाकून वाचत आणि हसू दाबत आत जात.

ते शिरपूरकडचे. डिप्लोमा झालेले, कॉलेजातली यंत्रं सांभाळायला नेमलेले. दुपारी माझ्या डब्यातलं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाता खाता त्यांनी मला आपली अडचण सांगितली. एकाच कॉम्प्युटरला सहा पडदे जोडलेले होते, आणि दहाच्या सुमारास सहाही पडदे एकदम गोठून बसत. का, ते कळत नव्हतं. यंत्राच्या पोटातल्या मूळ प्रोग्रामला ते कर्नेल म्हणत. त्या कर्नेलमध्ये जागोजाग त्यांनी जणू पहारेकरी बसवले होते. कोणतं काम सुरू झालं, कोणतं थांबलं, ते वेळेसकट लिहून ठेवायचं, एवढंच पहारेकऱ्यांचं काम. त्याचा कागद छापून निघे तो हातभर, कधी खोलीभर लांब.

“आणि त्यात वेळ मधूनच मागे जाते, तानुबाई. नंतरची नोंद आधीच्या वेळेची. मुलगा आधी जन्मला आणि बाप नंतर, असं लिहून येतं. मग कोणी कोणाला अडवलं, हे ठरवायचं कसं?”

मला सगळं समजलं नाही. पण वेळ लिहिणाऱ्या बिचाऱ्या पहारेकऱ्यांबद्दल मला फार आपलेपणा वाटला.

मग एका गुरुवारी त्यांनी माझी नोंदवही मागितली. यंत्र गोठलं तेव्हा खोलीत कोण कोण होतं, ते ताडून पाहायचं होतं. मी वही दिली. त्यांच्यामागे विभागप्रमुख भाईदास सर उभे होते. त्यांनीच आधी वाचलं. मोतीलाल नावाचा विद्यार्थी आला नऊ अठ्ठावन्नला. त्याच्या खालोखाल दुसरा विद्यार्थी, देवचंद, नऊ वाजता.

“नऊला तर गेटसुद्धा उघडत नाही,” सर म्हणाले. “आणि हा मगन कोण?”

उत्तराची वाट न पाहता त्यांनी पानं उलटली. असेच चुकीचे नऊ आणखी चार ठिकाणी निघाले. सर रागावले नाहीत, ते शांतपणे म्हणाले की सोमवारपासून दारात दहावी पास कोणीतरी बसवू. वही टेबलावर ठेवून ते गेले. मला आईचं औषध दिसायला लागलं, आणि त्याही आधी — आता सांगायला हरकत नाही — तो मोज्यातला अंगठा दिसला. सोमवारपासून तो दिसणार नव्हता.

लीलाधर माझ्या शेजारी स्टुलावर बसले. आवाज हलका होता.

“हे नऊ कुठून आलं?”

“पाहिलं तेच लिहिलं. खोटं नाही लिहिलं.”

“मग माझ्यासमोर लिहा. जसं रोज लिहिता तसं.”

भिंतीवर लाल आकड्यांचं घड्याळ होतं. त्यातला नऊ इंग्रजी, माझ्या वहीतला मराठी, एकाचं पोट डावीकडे तर दुसऱ्याचं उजवीकडे. मी वर पाहिलं, तासाचा आकडा मनात उलटा केला, मान खाली घालून सावकाश लिहिला. पुन्हा वर पाहिलं आणि मिनिटं लिहिली. ते घड्याळाकडे बघतच नव्हते. माझ्या मानेकडे बघत होते, वर, खाली, वर…

“थांबा,” ते म्हणाले. “तुम्ही नऊ लिहिता तेव्हा नऊ एकोणसाठ असतात. लिहून वर पाहता तोवर दहा वाजलेले. तास जुना, मिनिटं नवी.”

“म्हणजे माझीच चूक.”

“नाही. यंत्राचीही हीच. तिथेही मोठा आकडा एकीकडे, बारीक आकडा दुसरीकडे. मी मोठा आधी वाचतो, मग बारीक. मधल्या मधे मोठा बदलला तर…” ते तसेच मोज्यांवर आत पळाले.

त्या संध्याकाळी कागदावरची वेळ एकदाही मागे गेली नाही. त्यांनी मला उपाय सांगितला तो एका ओळीचा होता. मोठा आकडा वाचायचा, बारीक वाचायचा, मोठा पुन्हा पाहायचा. बदलला असेल तर पहिल्यापासून. दुसऱ्याच दिवशी चोरही सापडला. छपाईचं एक काम दहाच्या सुमारास सगळ्यांची वाट अडवून बसत होतं.

सोमवारी ते वही घेऊन भाईदास सरांपुढे उभे राहिले. सांगितलं की यंत्राचा दोष या वहीने सापडला, आणि मगन म्हणजे ते स्वतःच. सरांनी चष्मा काढून पुसला. मग मला म्हणाले, लिहून दाखवा. घड्याळात नऊ एकोणसाठ होते. मी तास पाहिला. लिहिला नाही. मिनिटं पाहिली. तास पुन्हा पाहिला… दहा झाले होते. मी पहिल्यापासून सुरुवात केली आणि १०:०० लिहिलं. सर म्हणाले, “बसा तुमच्या जागेवर.”

संध्याकाळी लीलाधर बूट घालत बसले होते. एक नाडी बांधायला इतका वेळ लागतो, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या केसांत रुईचा पुंजका अडकला होता. मी तो काढला. हात मागे घ्यायचं राहून गेलं.

“तानुबाई, मी पहिल्या दिवशी तुम्हाला पाहिलं… मग पुन्हा पाहिलं,” ते नाडीकडे बघत म्हणाले. “रोज पाहतो. बदललेलं नाही.”

 मी वही उघडली आणि त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. दुसरी वेलांटी, काना, तो अवघड ध. त्यांनी वाकून वाचलं. एकही चूक नव्हती.

ते घरी आले तेव्हा आईने खाटेवरूनच त्यांना न्याहाळलं आणि मला म्हणाली, “मानूस चांगला शे.” लग्नानंतर आई आमच्याकडेच राहिली, तिचं सगळं त्यांनी मुलासारखं केलं. मला त्यांनी दहावीला बसवलं. मी घरात त्यांना मगनच म्हणत असे.

उशिरा शिकल्याचं वाईट वाटतं का, असं मला पुष्कळजण विचारतात. माझा हात जलद असता तर वहीत देवचंद बरोबर दहाला आला असता, आणि मला लिहिताना पाहायला शेजारच्या स्टुलावर कोणी बसलं नसतं. माझ्या त्या सावकाश हाताचे माझ्यावर फार उपकार आहेत.

लीलाधर गेले ते ८ जानेवारी २०२१ला, शुक्रवारी, देवपुरातल्या आमच्या घरी. डॉक्टरांनी वेळ विचारली. मी तास पाहिला, मिनिटं पाहिली, तास पुन्हा पाहिला. सकाळचे दहा वाजून दोन मिनिटं झाली होती.