रिकाम्या सीटचा दिवा

पोरांनो, तो ट्यूबलाईट घालवा आधी. डोळ्यांत घुसतो. हं. आता मधे मधे प्रश्न नकोत, नाहीतर मी झोपायला जाईन.

काम तसं साधं होतं. गाडी एकदा रस्त्यावर फिरवून आणायची. सकाळी गिऱ्हाईक येणार होतं, शाळेतले मास्तर. त्यांची अट एकच, डॅशबोर्डवर एकही दिवा पेटलेला दिसता कामा नये. आणि गाडी होती आमच्या शेजारच्या गाळ्यातल्या मीटरची. माझं टायरचं दुकान, त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं. गळ्यात सदा करंट तपासायचं मीटर लटकलेलं, म्हणून सगळे त्याला मीटरच म्हणायचे. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनीसुद्धा चिडवायच्या, "अहो मीटर, जेवायला येताय ना?"

जुन्या गाडीचे निम्मे दिवे थापा मारतात. इंजिनाचा दिवा पेटावा आणि इंजिन ठणठणीत असावं, सेन्सरचा जोड तेवढा गंजलेला. ब्रेकचा पेटावा आणि चाकाजवळची वायर उंदरानं कुरतडलेली असावी. मीटर गिऱ्हाइकांना सांगायचा, "दिव्याचं ऐकू नका, दिवा का लागला ते बघा." आणि शोधून काढायचाच. त्या बाबतीत गड्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

वहिनींना सीटबेल्टचा तिटकारा. गळ्याला काचतो म्हणायच्या. न लावावा तर गाडी टिकटिक करून डोकं उठवायची. एकदा त्या म्हणाल्या, "अहो, जगाच्या गाड्या गप्प करता, मग आपलीच का कोकलते?" झालं. मीटरनं भंगारातल्या पट्ट्याचं नुसतं लोखंडी टोक कापून आणलं आणि त्यांच्या बकलात खोचून दिलं. गाडीला वाटलं, पट्टा लावला. दिवा बंद, टिकटिक बंद. दोघं हसली.

त्या पावसाळ्यात पेट्रोलपंपापुढच्या वळणावर कुत्रं आडवं आलं. मीटरनं ब्रेक दाबला. एवढंच. गाडीवर ओरखडाही नाही. मीटरला पट्टा होता. वहिनींना नव्हता.

तो रडला नाही. आठवड्यात दुकान उघडून बसला. आम्ही म्हणायचो, "रड बाबा, मोकळा हो." तो म्हणायचा, "येत नाही रे." जेवलास का विचारलं, तर घड्याळात बघून सांगायचा.

ते भंगारातलं टोक त्यानं काढून टाकलं. आणि तेव्हापासून दिवा लागायला लागला. रात्री, चालत्या गाडीत. शेजारी माणूस बसलाय आणि पट्टा लावलेला नाही, असं सांगणारा दिवा. सीट रिकामी. मीटरनं सीट उघडली. गादीखाली वजन ओळखणारी चटई असते, ती बदलली. जोड घासून साफ केले. सगळी मापं बरोबर, आणि दिवा आपला पेटतोय. "थापा मारतोय रे हा," तो मला म्हणायचा. आवाजात ना राग, ना काही. शेवटी लेक म्हणाली, "बाबा, विका ती गाडी, आणि माझ्याकडे या." तो बरं म्हणाला. त्या दिवसांत तो सगळ्यालाच बरं म्हणायचा.

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. रात्रीचे सव्वाअकरा. त्यानं सीटखालची वायर सरळ कापली. तिच्या टोकाचा प्लग काढून खिशात घातला. आता दिवा पेटायला वाटच नव्हती. वळणापर्यंत जायचं, परत यायचं, सकाळी किल्ली मास्तरांच्या हातात. गाडी गेली की हेही संपेल, एवढाच त्याचा हिशेब.

पंप मागे पडला. रस्ता रिकामा. डॅशबोर्ड काळाकुट्ट. सुटलो, असंसुद्धा वाटलं नाही, म्हणाला.

वळण आलं.

दिवा लागला.

मग टिकटिक.

त्यानं खिसा चाचपला. प्लग खिशातच होता. वायर कुठे बॉडीला टेकली असेल... नाही, टेप लावली होती. पाणी शिरलं असेल... कोरडं आहे. डॅशबोर्डच गेला असेल... मग बाकी सगळं बरोबर कसं दाखवतोय? एक एक कारण काढून बघितलं. कारणं संपली. टिकटिक चालूच.

शेजारी बघितलं नाही त्यानं. गाडी आपली चाललेली.

"अगं..."

टिक. टिक. टिक.

"अगं, पट्टा लाव."

...

कट्.

दिवा गेला.

घरी आला, गाडी शेडमध्ये लावली, समोर बघतच उतरला. हे सगळं त्यानं मला सकाळी सांगितलं, दारात उभं राहून. मी म्हटलं, "रडलास?" म्हणाला, "नाही. पण भूक लागली रे. कितीतरी दिवसांनी. दोन वाजता उठून भात लावला."

तेवढ्यात मास्तर आले. किल्ली फिरवली. एकही दिवा नाही. खूश झाले. म्हणाले, शेजारी बसून बघतो. डावीकडचं दार उघडलं आणि तिथेच थांबले.

पट्टा लावलेला होता. बकलात टोक घट्ट बसलेलं. आणि... आता नीट ऐका. लावलेला पट्टा, माणूस नसला की सीटला चिकटतो. आतली स्प्रिंग ओढून घेते. हा चिकटला नव्हता. पुढे आलेला होता, हवेत, ताणलेला.

मास्तरांनी बटण दाबायला हात पुढे केला.

"राहू द्या," मीटर म्हणाला. "लावलाय ना तिनं. राहू द्या."

गाडी त्यानं विकली नाही. शेडमध्येच आहे, बॅटरी काढून ठेवली आहे. मी अधूनमधून चाकांत हवा भरायला जातो. काचेतून दिसतो पट्टा. अजून तसाच. पट्टा आणि सीट यांच्यामध्ये एक बाई बसेल एवढी जागा आहे.

मी तिथे हात घालून बघितलेला नाही.