देवळीच्या घरातली हार्डडिस्क

कुणाला पटावं म्हणून मी हे लिहीत नाही. मी स्वतः तिथे होतो, शुद्धीत होतो, आणि जे झालं ते माझ्या कानांनी ऐकलं आहे. ज्याला खोटं वाटेल त्याने इथेच थांबावं. वाद घालायची माझ्यात ताकद राहिलेली नाही.

मे महिना, २००६. वर्धा जिल्ह्यातलं देवळी.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते. इथे भर दुपार होती. डोक्यावर ऊन होतं.

माझं नाव अंकित. वर्ध्याला लागून बोरगाव मेघे आहे, तिथे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मयुरी माझी धाकटी बहीण. २००३ मध्ये तिचं लग्न देवळीच्या नयनशी झालं. त्यांचं बी-बियाण्याचं दुकान, मागे घर. घरात नयन आणि त्याची आई भागीरथाबाई, बस.

लग्नात काय काय द्यायचं ते त्यांनीच सांगितलं होतं. त्यात कॉम्प्युटरही होता. तो मी माझ्या हातांनी जोडून दिला. हार्डडिस्क नवी कोरी टाकली. मयुरीला कॉम्प्युटरचा फार नाद होता, म्हणून.

दोन वर्षांनी, मे महिन्यातच, मयुरी गेली.

ऊन लागलं, असं आम्हाला सांगण्यात आलं.

आमच्याकडे मे महिन्यात ऊन लागून माणसं जातात. त्यामुळे कुणी पुढे काही विचारलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा तिरडी बांधून तयार होती. माझ्या आईला तिचं तोंडसुद्धा धड पाहू दिलं नाही. "उनाचे दिवस हायेत, ठेवता येत नाई," भागीरथाबाई म्हणाल्या.

मी विचारलं, घरात कूलर असताना ऊन लागलं कसं?

सगळे माझ्याकडे बघत राहिले. मग कुणीतरी तिरडी उचलायला सांगितलं.

तो राग माझ्या पोटात तसाच राहिला. वर्षभर आम्ही त्या घराची पायरी चढलो नाही.

मग एक दिवस नयनचा फोन आला.

"अंकितभाऊ, कॉम्प्युटर अपग्रेड केला म्या. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, सारं नवीन. हार्डडिस्क तेवढी जुनीच ठेवली. आता थे कटकट करून राह्यली. मधातच बंद पडते. दुकानाचं सारं काम अडलं. तुमीच बसवली होती ना, तं येऊन पाहून जा."

बहिणीबद्दल एक शब्द नाही. डिस्क मात्र मी बसवली होती.

मी फोन आपटणारच होतो. पण आई शेजारी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"जाय बावा," ती म्हणाली. "मयुरीचे फोटो हायेत त्याच्यात. मले दाखवले होते तिनं. डिस्क मेली तं तेबी जातीन. तेवढे घेऊन ये."

म्हणून गेलो. फक्त तेवढ्यासाठी गेलो.

दुपारचं जेवण करून मोटरसायकलने निघालो. देवळीच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. नयनने दार उघडलं आणि मला मधल्या खोलीत नेलं. एका भिंतीला टेबलावर कॉम्प्युटर. समोर दिवाणावर भागीरथाबाई आडव्या झाल्या होत्या. कूलर घरघरत होता. टेबलामागच्या भिंतीपलीकडे अंगण, आणि अंगणात टिनाची एक खोली होती. बियाण्याची पोती ठेवायची.

"पाणी घेता?" नयनने विचारलं.

"काम दाखवा," मी म्हणालो.

कॉम्प्युटर सुरू केला. विंडोज अर्ध्यावर आलं आणि अडकलं.

मग तो आवाज आला...

कट... कट कट...

मरायला आलेली हार्डडिस्क असा आवाज करते, हे आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. पण तो आवाज एकसारखा असतो, घड्याळासारखा. हा तसा नव्हता. हा वाजायचा... थांबायचा... मग पुन्हा वाजायचा.

कोणी ओ देतं का, याची वाट पाहिल्यासारखा.

मी डोकं शांत ठेवलं. केबल बदलली. डिस्कमागची जंपरची पिन तपासली. नवीन बोर्डाला वीज कमी पडते का, म्हणून सोबत आणलेला पॉवर सप्लाय लावून पाहिला. फरक नाही. मग त्यांची डिस्क काढून माझी चांगली डिस्क लावली. कॉम्प्युटर निमूटपणे चालू झाला. म्हणजे नवीन पार्ट सगळे ठीक. दोष डिस्कमध्येच.

पुन्हा जुनी डिस्क लावली. जरा वेळ चालू देऊन तिला हात लावला...

आणि झटकन मागे घेतला.

चुलीवरच्या तव्यासारखी तापली होती. इतक्यात कुठलीच डिस्क एवढी तापत नाही.

"जुनी हाये. तापत असन," नयन म्हणाला. तो दारातच उभा होता. आत यायला तयार नव्हता.

तेवढ्यात लाईट गेली.

तेव्हा लोडशेडिंग रोजचंच होतं, त्याचं काही वाटलं नाही. स्क्रीन काळी झाली. कूलरचं पातं हळू हळू फिरत थांबलं. घर एकदम शांत झालं.

आणि त्या शांततेत...

कट... कट कट...

कॉम्प्युटर बंद होता. यूपीएस त्यांच्याकडे नव्हता. मी भिंतीतला प्लग काढला. डिस्कच्या दोन्ही केबली काढल्या. उन्हासाठी डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्यात धरून डिस्क बाहेर घेतली. आता ती माझ्या हातात होती. तिला एकही वायर नव्हती. आत काही फिरत असतं तर हाताला कळतं. काही फिरत नव्हतं.

कट... कट कट... कट...

मी नयनकडे पाहिलं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. पण तो दचकला नव्हता, हे माझ्या लक्षात आलं. त्याला हा आवाज ओळखीचा होता.

मी काही विचारणार, तोच दिवाणावरून भागीरथाबाई बोलल्या. कूस बदलली, डोळे मिटलेलेच. झोपेत होत्या. रोजचं बोलणं बोलावं तशा बोलल्या.

"मयुरी, ठोकू नको वो. ऊन उतरल्यावर उघडीन म्हटलं ना."

मी डिस्क हातात धरूनच नयनकडे वळलो.

"काय उघडणार होत्या?" मी विचारलं.

"झोपेत बरळते आई," नयन घाईघाईने म्हणाला. "वय झालं आता."

"काय उघडायचं होतं, नयन?"

त्या दिवसापर्यंत मी त्याला नयनराव म्हणत होतो.

 त्याची नजर एकदा मागच्या भिंतीकडे गेली. मला तेवढं पुरलं. डिस्क टेबलावर टाकली आणि अंगणात गेलो. तो मागून धावत आला, त्याने माझा हात धरला.

"तिकडे बियाणं हाये, अंकितभाऊ. काई नाई तिकडे."

मी हात झटकला.

टिनाच्या खोलीला लाकडी दार होतं. बाहेरून कडी. मी कडीवर हात ठेवला, आणि आवाज दाराच्या पलीकडून आला. माझ्या छातीच्या उंचीवर...

कट.

एकदाच.

मी कडी काढली. दार ढकललं. भट्टीचं तोंड उघडावं तशी झळ आली. आत पोती होती. खिडकी नाही. पंखा नाही. माणूस नाही. कोणीच नाही.

आवाज थांबला होता.

मी वळून दाराकडे पाहिलं. बाहेरून दार जुनाट होतं, रंग उडालेला. आतून मात्र त्याला नवा पत्रा ठोकलेला होता. वरपासून खालपर्यंत.

"हा पत्रा आतून काऊन ठोकला?"

"उंदरं... उंदरं दार कुरतडते."

"बाहेरून नाई कुरतडत?"

तो दोन पावलं मागे सरकला.

खिशात स्क्रूड्रायव्हर होता. पत्र्याचा एक कोपरा उचकटला. खालच्या लाकडावर जे होतं ते मी पाहिलं. माझ्या आईला मी ते आजवर सांगितलेलं नाही. इथेही सांगणार नाही.

मग मी नयनला मारलं. किती मारलं ते आठवत नाही. तो उलटून हात उचलत नव्हता, त्याचा मला आणखी राग आला. अंगणात बसून तो बोलला.

"सैपाक सोडून कॉम्प्युटरवर बसली होती म्हणून आईनं कोंडलं. थोडा वेळ कोंडाची होती. आधीबी कोंडे. मंग आईचा डोळा लागला. मी दुकानात होतो. मले काय माहीत?"

"दुकान इथून किती लांब हाये रे?"

त्याने मान खाली घातली.

मी ती खोली सताड उघडी सोडली. डिस्क उचलली आणि निघालो. भागीरथाबाई अजून झोपल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बाबांना, प्रभाकररावांना, घेऊन परत गेलो. दोन माणसांसमोर पत्रा काढायचा होता. पण तिथे ते दारच नव्हतं. नवीन लोखंडी दार बसलं होतं. अंगणाच्या कोपऱ्यात राख होती.

एका वकिलाला भेटलो. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, वर्ष झालं, देह नाही, दार नाही. म्हातारी झोपेत काय बोलली आणि हार्डडिस्क कशी वाजली, हे मी न्यायाधीशाला सांगू?

 त्या दिवसापासून बाबा एकूणच कमी बोलायला लागले.

ती डिस्क मी दुकानात लावली. पहिल्या झटक्यात चालू झाली. थंड होती. आवाज नाही. सगळे फोटो निघाले. आईने एकेक पाहिला. एका फोटोत मयुरी त्याच टेबलाशी बसलेली होती, कीबोर्डवर हात ठेवून. आई तो फोटो पुढे सरकवू देईना. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

आता पुढचं. हे मी पाहिलेलं नाही. नयनने फोनवर सांगितलेलं आहे.

त्याच महिन्याच्या शेवटी त्याचा फोन आला. मी उचलणार नव्हतो. पण तो सारखा वाजत राहिला.

नयनचा आवाज बसला होता. त्याने कॉम्प्युटरला डब्यातून काढलेली नवी डिस्क लावली होती. एका दुपारी तो हिशोब करत बसला असताना तीही वाजायला लागली. तोच आवाज. वाजायचा... थांबायचा... पुन्हा. तो वैतागला. त्याने प्लग काढला. तरी थांबेना. शेवटी कॉम्प्युटरवर चादर टाकून तो समोर दुकानात जाऊन बसला.

ऊन कलल्यावर घरात आला, तर आई नाही.

शोधाशोध झाली. शेजारचे किसनराव आले. टिनाच्या खोलीचं लोखंडी दार लागलेलं होतं. बाहेरची कडी काढलेली, लोंबत होती. आतून त्या दाराला कडी नव्हतीच. तरी दार उघडेना. दोघांनी खांदे लावले. पहार लावली. दार हललं नाही.

सूर्य बुडाला...

आणि दार आपोआप मागे सरकलं.

भागीरथाबाई पोत्यांना टेकून बसल्या होत्या. जिवंत होत्या. दोन्ही हातांची बोटं ठेचलेली, ओठ सुकून फाटलेले. पाणी पाजल्यावर एवढंच बोलल्या, "दुपारपासून ठोकून राह्यली ना रे मी. कोणीच काऊन नाई आलं?"

किसनराव अख्खी दुपार त्या खोलीला लागून असलेल्या त्यांच्या ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. त्यांना एक ठोकाही ऐकू आला नव्हता.

आवाज फक्त कॉम्प्युटरमधून येत होता.

"भाऊ, तुमी येजा एकदा," नयन रडत होता. "थे बंद करून द्या. मी हात जोडतो."

"तुला आवाज ऐकू येत होता ना?" मी विचारलं. "मग उठून पाहिलं काऊन नाई?"

"मले वाटलं डिस्क हाये."

"आणि मागच्या वर्षी काय वाटलं होतं?"

 त्याने फोन ठेवला.

भागीरथाबाई त्यानंतर काही महिने जगल्या. घरात शिरत नव्हत्या, अंगणात खाट टाकून राहायच्या. कुणी कुठलंही दार लावलं की किंचाळायच्या, असं किसनराव सांगतात. नयनने दुकान विकलं. तो आता कुठे आहे, मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नाही.

ऐकणारे म्हणतात, मयुरीने सूड घेतला.

मला हे पटत नाही. मी तिचा भाऊ आहे. लहानपणी मी तिला मारलं तरी ती बाबांना माझं नाव सांगत नसे. तिला कुणी दार उघडावं एवढंच हवं होतं, आणि ते मी उघडलं होतं. त्यानंतर माझ्याकडे तो आवाज कधीच आला नाही. तिच्यापुरतं ते संपलं होतं, असं मी आजही मानतो.

मग ते लोखंडी दार कोणी धरून ठेवलं होतं?

यावर मी फार विचार करत नाही. कारण त्या दुपारी मी बोरगावला माझ्या दुकानात होतो. गिऱ्हाईकं समोर बसली होती. मी एकाचा कीबोर्ड खोलत होतो, आणि अचानक माझे दोन्ही तळहात जळायला लागले. तापलेल्या लोखंडाला दाबून धरल्यासारखे. मी बादलीत हात बुडवून बसलो. आग कमी होईना.

सूर्य बुडाल्यावर थांबली.