सामानाजवळ बसणारी

होस्टेलच्या एका खोलीत आम्ही तिघी होतो. शिडी, रेडिओ आणि मी, काकू. शिडी ताडमाड उंच, रेडिओ झोपेतही बोलायची, आणि मी विशीतच सगळ्यांच्या मागे लागायचे की स्वेटर घाला, पाणी प्या. आता शिडी शाळेत गणित शिकवते आणि रेडिओ वकील आहे. मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. ज्या नळीवर माझ्यासमोर लेबल लागलं नाही, ती मी हातात घेत नाही. लॅबमधली पोरं माझ्यामागे त्याची टिंगल करतात. करू देत.

आमचा तेव्हापासूनचा एक नियम होता. कुठेही फिरायला गेलो की एकीनं सामानाजवळ बसायचं, आणि परत आलेल्या दोघींनी तिला सगळी हकीकत इत्थंभूत सांगायची.

त्या दोघी दरवर्षी एखादं मोठं शहर बघायला जातात. आधी मलाही बोलवायच्या. पण आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे मी नाही म्हणायचे. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं. मग आई गेली, आणि घरात फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली. यंदा मीच फोन केला. "मी आले तर चालेल का गं?"

रेडिओ क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, ये की!"

रेडिओ गप्प राहिली होती. ते माझ्या मनातून गेलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी आपणहून मला बोलवावं, एवढ्यासाठीच मी त्या सहलीला गेले, शहराचं मला फारसं काही नव्हतं.

शनिवारी सकाळी पोचलो. हॉटेलची खोली दुपारशिवाय मिळणार नव्हती, म्हणून बॅगा घेऊनच निघालो. पहिला घड्याळाचा मनोरा. माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, टाक्यांची खूण अजून खाजते, तेव्हा खाली बाकावर बसणार कोण हे विचारायची गरजच नव्हती. तिन्ही बॅगांचे पट्टे मी लॅबमधल्या बँडेजनं एकत्र बांधले, दोन वेढे आणि वर उलटी गाठ. त्या खाली आल्या आणि नियमाप्रमाणे सगळं सांगितलं. वरचा वारा, घड्याळाच्या काट्यावर बसलेली कबुतरं, उंचीला घाबरून भिंतीला चिकटलेला एक नवरा. मी पोट धरून हसले.

दुसरं, चित्रांचं संग्रहालय. तिथेही पायऱ्याच पायऱ्या. बाहेरच्या कट्ट्यावर मी खूप वेळ बसले. त्या आल्या त्या एकमेकींना धरून हसतच.

"सांगा आता," मी म्हटलं.

"काय सांगा?" रेडिओ डोळे पुसत म्हणाली. "तूच तर हसवून मारलंस! तो मिशीवाला राजा म्हणे आपल्या रेक्टरबाई!"

मला वाटलं, फिरकी घेतायत. पण रेडिओला फिरकी घेताना हसू आवरत नाही आणि शिडीला ती घेताच येत नाही. शिडी माझ्या गुडघ्याकडे बघून सहज म्हणाली, "पाय बरा दिसतोय हं. आमच्यापुढे होतीस."

नदीवरच्या बोटीतून उतरल्यावरही तेच. मी धक्क्यावर बॅगांजवळ बसून होते. दोघी भिजून आल्या आणि मलाच म्हणाल्या, "तू कशी गं कोरडी राहिलीस?"

हॉटेलच्या खोलीत बॅगा टाकल्यावर मी रेडिओचा फोन मागून घेतला. संग्रहालयातला एक फोटो होता. शिडी, रेडिओ, आणि मध्ये एक बाई, भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवणारी. तोंड पलीकडे वळलेलं. अंगात माझ्यासारखाच राखाडी स्वेटर. तसला स्वेटर कुणाचाही असू शकतो, म्हणून मी फोटो मोठा केला. बाहीला तपकिरी बटण होतं. बाकीची काळी. ते बटण आईच्या कोटाचं, मी स्वतः शिवलेलं.

"किती वर्षांनी अशी मोकळी हसलीस," शिडी पलंगावरून म्हणाली. "पुढच्या वर्षीही यायचंच हं तू."

मला भीती वाटायला हवी होती. पण मला त्या बाईचा हेवा वाटला. जे बोलावणं ऐकायला मी आले होते, ते तिला मिळालं होतं.

रविवारी खोली सोडली. संध्याकाळची गाडी होती, बॅगा पुन्हा गळ्यात. शेवटचं ठिकाण घुमट. आतल्या चिंचोळ्या जिन्यानं वर गेलं की सगळं शहर दिसतं. खाली बाक होताच.

"मी वर येते," मी म्हटलं.

"मग ये की," रेडिओ म्हणाली. "काल कुठे विचारत होतीस?"

दारावरचा पहारेकरी म्हणाला, "ठेवा बाई इथेच बाकापाशी, लक्ष आहे माझं." बॅगा मी नुसत्या ठेवल्या. बांधल्या नाहीत.

जिना चढताना गुडघा दुखला नाही. मी पुढे होते, मागून त्या दोघी धापा टाकत येत होत्या. "अगं, तुझी सावली तरी थांबव!" रेडिओ ओरडली. मी काहीतरी उत्तर दिलं आणि जिन्यात त्यांचं हसणं घुमलं. मी इतकी गमतीदार आहे हे मला ठाऊक नव्हतं. वर शिडीनं माझ्या खांद्यावर हात टाकला. किती वर्षांत कुणी टाकला नव्हता.

मग मी खाली बघितलं.

बाकावर एक बाई बसली होती. राखाडी स्वेटर. बॅगा तिनं जवळ ओढून घेतल्या होत्या. एका हातानं उजवा गुडघा चोळत होती.

तिनं मान वर केली.

"कोण गं ती, आपल्या सामानाजवळ?" रेडिओनं विचारलं. "ओळखीची आहे का?"

शिडीचा हात अजून माझ्या खांद्यावर होता.

"नाही," मी म्हटलं.

आम्ही उतरलो तेव्हा बाक रिकामा होता. पहारेकऱ्याला कुणी विचारलं नाही. बॅगांचे पट्टे बँडेजनं एकत्र बांधलेले होते, दोन वेढे आणि वर उलटी गाठ. मी घाईघाईनं ती सोडवली. हकीकत ऐकायला तिथे कोणी नव्हतं आणि आमच्यापैकी कुणी सांगितलीही नाही.

गाडीत रेडिओनं पुढच्या वर्षीचं शहरही ठरवून टाकलं. "काकूशिवाय मजा नाही," ती म्हणाली. मला खूप बरं वाटलं.

बोलता बोलता सवयीनं हात गुडघ्यावर गेला, खूण खाजवायला. मी कपड्यावरून चाचपलं. मग उठून गाडीच्या बाथरूममध्ये गेले, कडी लावली आणि दिव्याखाली पाय उघडा करून पाहिला.

कातडी गुळगुळीत होती. टाका कधी पडलाच नव्हता.