कललेली चाकं

घरी वरव्याला जायची एसटी चुकली म्हणून गायत्री भोरमधल्या लतीफचाचांच्या सायबर कॅफेत शिरली आणि दारातच एका मुलाला धडकली. त्याच्या हाताला टायरचं काळं होतं. तिच्या पिवळ्या ओढणीवर अख्खा पंजा उमटला.

"धुतल्यावर जाईल," तो ओशाळून म्हणाला.

"आणि न्हाई गेलं तर?"

"तर… दुसरी आणून देईन."

"रंग कुणी निवडायचा?"

तो हसला. प्रेम त्याचं नाव. शिवऱ्याला हायवेवर गाड्यांची चाकं सरळ करून द्यायचं दुकान होतं त्याचं. त्या दिवसापासून भोरमध्ये त्याला सारखी कामं निघू लागली.

गायत्री कॅफेत एकच गेम खेळायची — गाडी आडवी घसरवत घाट उतरायचा. स्टिअरिंग लावलेला कॉम्प्युटर एकच, आणि त्यावर दुपारचा एक तास मुलींसाठी राखीव. कॅफेतल्या गुणांच्या बोर्डावर पहिला असलेल्या बाजीरावला तेच खुपायचं.

"बोर्डावर एका पोरीचं नाव न्हाई, आन तास कशाला पायजे?"

शेवटी चाचांनी निवाडा केला. गायत्रीनं तीन फेऱ्यांत बाजीरावचे गुण ओलांडले तर तास राहील, नाही तर गेला.

ती हट्टाला पेटली. रोज चाकांचा कल, म्हणजे कॅम्बर, जुळवत बसायची. पुढची चाकं वरून आत झुकवायची… अजून थोडी… गाडी आडवी झाली की भार बाहेरच्या चाकावर येतो, आणि झुकवलेलं चाक तेव्हाच रस्त्यावर सपाट बसतं.

"असली चाकं घेऊन कुणी दुकानात आलं तर म्या गाडी सोडणार न्हाई," प्रेम कळवळायचा. "आणि एवढी घसरल्यावर सावरणार कशी?"

"आमचे बुवा कीर्तनात अभंग सोडून कुठल्या कुठं जातात. वाटतं, आता काय परत येत न्हाईत… आणि अलगद धृपदावर उतरतात. तसं घसरायचं."

प्रेम तिच्याकडे बघत राहिला.

ठरलेल्या दिवशी कॅफे भरून गेला. पहिल्या फेरीत ती थोडक्यात हुकली. पाणी प्यायला उठली, तेव्हा जागा राखायला प्रेम बसला. दुसऱ्या फेरीत पहिल्याच वळणाला पुढची चाकं धरेनात. गाडी सरळ कठड्यावर. बाजीरावनं शिट्टी घातली.

गायत्रीनं सेटिंग उघडलं. कॅम्बर शून्य.

"वाकडी दिसली…" प्रेमची मान खाली. "हात राहिला न्हाई. वाटलं, सरळ केली की तू सावरशील."

"हात दुकानातच ठेवून यायचा ना," चाचांची मुलगी सबिहा पुटपुटली.

"आता तूच कलव," गायत्री म्हणाली.

"चिडलीस?"

"लई. पण आधी फेरी."

स्वतःचं बोट चेपावं तसा चेहरा करून त्यानं कल वाढवला.

"बास?"

"अजून."

"बास?"

"अजून… थांब. हां."

या वेळी गाडी दरीकडे शेपूट टाकत वळली, घसरली, आणि प्रत्येक वळणाच्या तोंडाशी सावरली. गायत्रीचा पाय टाळांच्या लयीत पडत होता. शेवटच्या वळणाला मागचं चाक कठड्याला घासतं की काय… प्रेमनं डोळेच मिटले.

उघडले तेव्हा बोर्डावर पहिलं नाव गायत्रीचं होतं.

"तास तुमचा," बाजीराव खुर्ची सरकवत म्हणाला. "उद्यापासनं माझं नाव परत वर येतंय, ध्यानात ठेव."

"ये की. पण आमचा तास सोडून."

बाहेर भुरभुर लागली होती. प्रेम स्टँडपर्यंत सोबत आला.

"परत तुझ्या चाकाला हात लावणार न्हाई."

"लाव की. विचारून लाव."

"मग… एक विचारू?"

"तू लई वेळ घेशील. माझी एसटी जाईल." तिनं श्वास घेतला. "मला तू आवडतोस, प्रेम. शनिवारी शिवऱ्याला येऊन तुझ्या आईला हेच सांगणार हाय."

त्याला हसू आवरेना.

"आई विचारंल, पोरगी करती काय?"

"सांग," एसटीच्या पायरीवर चढत ती म्हणाली, "घाट आडवा उतरती."